हार नसलेला फोटो

परवा फोनवर मी तुम्हाला आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत दाखवत होते, तेव्हा धाकटीने विचारलं, "आजी, बाकी सगळ्यांच्या फोटोंना चंदनाचे हार आहेत. पणजीच्याच फोटोला का नाही? घालायचा राहून गेला का?"

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक फोटोच्या मागे मी कोण, कुठे, कधी हे लिहिते, शिवाय खिडकी कोणत्या बाजूला होती तेही लिहिते, म्हणून तुम्ही मला हसता. अशा बाईकडून हार घालायचा राहून जाईल का? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण आता थोरल्याने तोच फोटो वंशवृक्षात लावायला मागितला आहे. खोट्या नावाने मी तो पाठवणार नाही, म्हणून आधी हे लिहिते आहे. वाचताना अडलं तर आईकडून वाचून घ्या.

त्या फोटोत तुमची पणजी नाही. ती मी आहे. सतरा वर्षांची, माझ्या आईचं लुगडं नेसून, तिच्यासारखा अंबाडा घालून बसलेली.

माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. देशाला स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. विषमज्वर झाला आणि अठराव्या दिवशी ती गेली. वय पंचवीस. तिचे हात मला आठवतात, बांगड्या कोपराकडे सारून कणीक मळणारे. तिच्या कुशीचा, ओल्या केसांचा वास आठवतो. चेहरा आठवत नाही. लहान मूल आईचा चेहरा बघत नाही. आई जागेवर आहे एवढी खात्री करून घेतं आणि खेळायला जातं.

तिचा एकच फोटो होता. कल्याणला नात्यातल्या एका मुलाची मुंज होती, तिथला. अंगणात तीन रांगांत चाळीसेक माणसं. मी दोन वर्षांची, आईच्या पायाशी उभी. फोटोवाल्याने "हलू नका" म्हटलं आणि नेमका तेव्हाच मी तिचा पदर ओढला. तिने खाली पाहिलं. त्या फोटोत एका म्हाताऱ्यांच्या काठीची मूठसुद्धा स्पष्ट आहे, आणि माझ्या आईच्या चेहऱ्याच्या जागी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा एक पांढुरका फराटा आहे. ही गोष्ट मला घरात नेहमी हसत हसत सांगितली गेली. मला तिचं हसू कधी आलं नाही.

आई गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणत असे, आत्या, आणि मी. आत्या अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन परत आलेली, आईच्याच वयाची. मला तिनेच वाढवलं. तिच्या जिभेला धार होती आणि हाताला माया होती, आणि दोन्हींचा अनुभव एकाच वेळी येत असे. ठाण्यात टेंभी नाक्यापासून पाच मिनिटांवर आमच्या दोन खोल्या होत्या, मागे स्वयंपाकघर, आणि त्याला एकच खिडकी. ती खिडकी लक्षात ठेवा.

अण्णा कोर्टात नकला करण्याच्या खात्यात होते. जुने निकाल, खरेदीखतं, वाटणीपत्रं यांच्या प्रती लोक मागत, त्या तिथे हाताने लिहून काढल्या जात. प्रत लिहून झाली की दोन माणसं समोरासमोर बसत. एकजण मूळ कागद मोठ्याने वाचे आणि दुसरा नकलेतल्या ओळींवरून बोट फिरवत जाई. याला रुजुवात म्हणत. ती झाल्याशिवाय अण्णा कुठल्याही कागदावर सही करत नसत. घरीही तीच सवय. मी इंग्रजी पुस्तकातलं पान उतरवून काढलं की ते पुस्तक घेऊन समोर बसत, स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने वाचत. माझं इंग्रजी शाळेत कमी आणि या रुजुवातीत जास्त सुधारलं.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, त्या सुट्टीतली गोष्ट. एका रविवारी सकाळी अण्णा तो मुंजीचा फोटो भिंगाखाली धरून बसले होते. मी शेजारी तांदूळ निवडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवेनासा झाला आहे."

माझा हात सुपातच थांबला. आईबद्दल ते कधी बोलत नसत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोनेक वर्षं झाली. आवाज आठवतो. चालणं आठवतं. चेहऱ्याशी आलं की तुझा चेहरा समोर येतो. तू मोठी होत गेलीस, तशी ती पुसली गेली." मग माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाले, "तुझा काही दोष नाही यात."

दोष नाही हे मलाही कळत होतं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आधी मी तिचा पदर ओढला होता आणि आता अण्णांच्या मनातही तिच्या जागी जाऊन बसले होते.

त्याच आठवड्यात वर्गाच्या ग्रुप फोटोची प्रत आणायला मी नाक्याजवळच्या स्टुडिओत गेले. फोटोवाले काका ठाण्यातल्याच जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. घरची भातशेती होती, पण शेतात यांचं मन लागलं नाही. दर्शनी कपाटात एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो होता, पांढऱ्या मिशा, कपाळावर आठ्या. मी तो बघत उभी राहिले.

"तो म्हातारा नाय, बाय," काका हसून म्हणाले. "नातू हाय. कळव्याची मानसं. आजा गेला आन् फोटो कदी काडलाच नव्हता. नातू आज्यावर गेलेला. त्याला पागोटं बांधलं, मिशा आन् सुरकुत्या मी पेन्सिलीनं काडल्या. घरच्यांनी बगितला आन् सगळी रडाय लागली."

मी तिथेच त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला खिडकीपाशी उभं करून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही गैर नव्हतं. सोनार दागिना बघतो तसं ते पाहणं होतं.

"तू आईसारकी दिसतेस?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हनतात त्याचा फोटो येत नाय. जिनं तिला रोज बगितलंय असं मानूस घेऊन ये."

म्हणजे आत्या. तिला मी दुपारी, अण्णा ऑफिसात असताना सांगितलं. ती इतकी भडकली की हातातलं लाटणं तिने परातीत आदळलं.

"जिवंत पोरीला मेलेल्या बाईचं सोंग? आणि मग त्या फोटोला हार घालणार? तुझ्या तोंडाला?"

"हार नाही घालायचा."

"मंगळसूत्र? वहिनी सवाष्ण गेली. बिनमंगळसूत्राचा फोटो लावायचा का तिचा? आणि कुमारिकेच्या गळ्यात मी ते बांधू?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि ऐक. दादाला आधीच तुझा चेहरा दिसतोय. उद्या तूच वहिनी होऊन भिंतीवर बसलीस, तर ती कायमची गेली म्हणून समज."

हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. मी म्हटलं, "नाही केलं तरी ती जातेच आहे ना, आत्या."

संध्याकाळी मी पाहिलं तर तिने माळ्यावरची ट्रंक खाली काढली होती आणि आईचं अंजिरी लुगडं दोरीवर वाऱ्याला घातलं होतं.

स्टुडिओला छपरावर कौलांऐवजी काचा होत्या आणि त्यांच्याखाली पांढरे पडदे, ओढले की उजेड मऊ होई. आत्याने मला लुगडं नेसवलं, अंबाडा घातला, कुंकू लावलं. मंगळसूत्राचा प्रश्न तसाच होता. काका म्हणाले, "ते मी मागून ब्रशानं काडीन. काळे मणी काय, सोपं काम."

"इश्श!" आत्या म्हणाली. "म्हणजे पोरीला मंगळसूत्र तुम्ही घालणार?"

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. शेवटी पदर दोन्ही खांद्यांवरून गळ्याशी ओढून घ्यायचा असं ठरलं. तुम्ही फोटो मोठा करून पाहाल तर गळा कुठेच दिसणार नाही. त्याचं कारण हे.

मला बसवण्याआधी काकांनी एक गंमत केली. खुर्चीवर आत्याला बसवलं आणि मला कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालायला सांगितलं. आत काचेवर आत्या उलटी लटकत होती, डोकं खाली, पदर वर.

"दिसली?"

"उलटी दिसते."

"तेच पायजे. सुलट बगितली की तू आत्या बगतेस. उलटी बगितली की त्वांड बगशील."

आणि खरंच, जिने मला अकरा वर्षं भरवलं, जी माझ्यावर रागावली, तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. तिचं नाक किंचित डावीकडे वळलेलं होतं. दोन डोळ्यांपैकी एक जास्त दमलेला होता. ती छत्तीसचीच तर होती. मला तोवर ती म्हातारी वाटत असे.

मग मी बसले. "आईसारकी बस," काका म्हणाले. आई कशी बसायची हे मला कुठे ठाऊक होतं? मी माझ्यासारखं बसायचं नाही एवढंच ठरवलं आणि श्वास धरून राहिले. फोटो होताच आत्याने पदरात बांधून आणलेली मीठमोहरी काढली आणि माझ्यावरून तीनदा ओवाळली.

"बाय, कॅमेऱ्यावरून पन ओवाळ गो," काका म्हणाले. "त्याला पन नजर लागते."

आत्याने खरोखर ओवाळली.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. काकांनी कच्ची प्रत आत्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता सांग, ही तुजी वयनी का नाय." मला वाटलं होतं आत्या बघूनच रडेल. ती परीक्षकासारखी पुढे वाकली. भुवया आणखी जवळ. हनुवटी इतकी टोकदार नाही. आणि गोंदणाचा ठिपका. आईच्या माहेरी मुलींच्या गालावर एक हिरवा ठिपका गोंदवत. "तो इथे होता," असं म्हणून आत्याने बोट ठेवलं, फोटोकडे तोंड करून बसलं की डाव्या हाताला येतो त्या गालावर. "इथेच. मी रोज तिची वेणी घालत होते, मला सांगता?"

सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने काका काचेच्या निगेटिव्हवर काम करत बसले. तिच्यावर काळं केलं की कागदावर ते उजळ उमटतं, आणि खरवडलं की काळं. भुवया जवळ आणायला आणि ठिपका द्यायला त्यांनी बारीक पातं वापरलं. बघता बघता माझा चेहरा माझ्यापासून दूर गेला. पक्की प्रत हातात आली तेव्हा मला वाटलं, हिला मी ओळखत नाही, म्हणजे ती आईच असणार.

तो फोटो आम्ही अण्णांना रविवारी दुपारी, जेवणाआधी दिला. ते पाटावर बसले होते, ताट वाढून झालं होतं. त्यांनी धोतराला हात पुसले आणि फोटो घेतला. मी खांबाला धरून उभी होते. अण्णांच्या डोळ्यांत पाणी यावं अशी माझी इच्छा होती, हे आज कबूल करते. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही ती नाही," ते म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघेना.

"ठिपका या गालावर नव्हता."

"नव्हता कसा?" आत्या उसळली. "मी रोज वेणी घालायचे तिची. तू बघत तरी होतास का रे तिच्याकडे? ताटातून मान वर करायचास कधी?"

"तूप वाढताना बघायचो," अण्णा म्हणाले, अगदी साधेपणाने. मग ते मला म्हणाले, "तुपाची वाटी घे. अशी समोरून ये. वाक. आणखी थोडी. हां. आता तशीच राहा."

मी वाकून राहिले.

"खिडकीचा उजेड कोणत्या गालावर आला?"

गालाला उन्हाची ऊब लागत होती. "डाव्या," मी म्हटलं.

"ठिपका त्या उजेडात असायचा. हिरवा दिसायचा. दुसऱ्या बाजूला असता तर मला दिसलाच नसता."

आत्या उठली. भिंतीवरचा आरसा तिने काढून आणला, मला वाटीसकट जमिनीवर बसवलं, आरसा माझ्यासमोर भिंतीला टेकवला आणि स्वतः माझ्या मागे बसली, वेणी घालताना बसायची तशी. माझ्या डाव्या गालावर तिने ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं आणि आरशात पाहिलं. मग फोटोकडे. मग पुन्हा आरशात.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली.

"दादा, मी तिला आरशातच बघत होते रे. रोज सकाळी. मी मागे आणि ती पुढे. आम्ही दोघी बोलायचो ती आरशात बघूनच. तोंडासमोर तोंड करून बसायला वेळच कुठे होता आम्हाला?" आणि मग ती रडली. आई गेली तेव्हासुद्धा तिला मी रडताना पाहिलं नव्हतं.

अण्णा मात्र रडत नव्हते. ते माझ्या हातातल्या वाटीकडे बघत होते. "तूप सांडू नये म्हणून ती खालचा ओठ दातांत धरायची," ते म्हणाले. "आणि वाढून झालं की सोडायची. ओठावर पांढरी खूण राहायची जरा वेळ." थोडं थांबून, "डोळे हिच्यासारखे नव्हते. पापण्या जड होत्या. दुपारी झोप आल्यासारखे डोळे." मग, "हनुवटी बरोबर आहे." एक एक ओळ मोठ्याने वाचावी तसं ते बोलत होते, आणि फोटोवरून त्यांचं बोट सरकत होतं. मूळ कागद समोर कुठेच नव्हता, पण त्यांना तो दिसत होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझा चेहरा त्यांच्या वाटेतून बाजूला झाला होता.

जेवण गार झालं. त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

मी फोटो काकांकडे परत नेला, तेव्हा ते फार हळहळले. "आरशाचं मला सुचाय पायजे होतं," म्हणाले. "आन गो, दोन दिवसात ठिपका या गालावर घेतो. डोळे पन करतो." मी आनंदाने घरी येऊन सांगितलं. अण्णांनी मान हलवली.

"नको. बरोबर केला की मी फोटोच बघत बसेन. हा चुकलेला राहू दे. याच्याकडे बघितलं की मला ती आठवावी लागते."

त्यांनी फोटो उलटा केला आणि मागे आपल्या कोर्टातल्या अक्षरात लिहिलं: नक्कल. मुळाशी रुजुवात घेतली. जुळत नाही. खाली सही.

मग त्यांनी तो भिंतीवर लावला. हार नाही, कारण आत, कशीही असो, जिवंत मुलगी होती. आत्याने त्यावर कायमचा पहारा ठेवला. रोज सकाळी कोर्टात जायच्या आधी कोटाची बटणं लावत अण्णा त्याच्यासमोर उभे राहत. कधीकधी त्यांचा हात नकळत स्वतःच्या डाव्या गालाकडे जाई. तेवढ्याने त्यांचं काम होत असावं. पुन्हा कधी ते म्हणाले नाहीत की तिचा चेहरा आठवत नाही.

खिडकी कोणत्या बाजूला होती हे मी फोटोंच्या मागे का लिहिते, ते आता तुम्हाला कळलं असेल.

मी स्वतः त्या फोटोकडे पुष्कळ वर्षं पाहिलं. माझे तरुणपणचे फोटो थोडे नाहीत, आणि प्रत्येकात मी काहीतरी दाखवते आहे, शहाणपण नाहीतर नवी साडी. या एकाच फोटोत मी मला दाखवत नाही, आणि त्यात मी सर्वांत जास्त दिसते. श्वास धरून बसलेली, वडिलांसाठी दुसरं कुणीतरी व्हायला निघालेली एक मुलगी. माझी आई तिथे नाही. ती त्या वाटीच्या, त्या खिडकीच्या जवळपास कुठेतरी आहे.

तेव्हा थोरल्या, फोटो पाठवते आहे, पुढची बाजू आणि मागचीही. वंशवृक्षात तो माझ्या नावाखाली लाव. तुझ्या पणजीचा चौकोन रिकामा ठेव आणि त्यात एवढंच लिही: डाव्या गालावर गोंदणाचा हिरवा ठिपका. पापण्या जड. तूप वाढताना खालचा ओठ दातांत धरायची.

आणि धाकटे, हाराची घाई करू नकोस. अजून मी आहे.